मतं तीच राहिली, वागणं बदललं

'रवांडात रेडिओनेच आग लावली, तर रेडिओच मनातला द्वेष धुऊन काढेल' असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. १९९४ मध्ये तिथे हुतू अतिरेक्यांनी तुत्सींचा वंशसंहार केला, तेव्हा आरटीएलएम हे द्वेष पसरवणारं रेडिओ केंद्र माणसांची नावं, लपण्याच्या जागा, गाड्यांचे नंबरसुद्धा सांगत होतं. नुसत्या शांततेच्या आवाहनांनी त्यावर उतारा मिळत नाही.

२००४ मध्ये तिथे 'मुसेकेवेया' ही सलोख्यासाठीची रेडिओ मालिका सुरू झाली. दोन काल्पनिक गावं, अपुरी जमीन, दुष्काळ, वैर. हुतू-तुत्सी असा थेट उल्लेख नाही. एलिझाबेथ लेवी पॅलक या मानसशास्त्रज्ञ संशोधिकेने वर्षभर काही गावांना ती गटाने ऐकवली, तर तुलनेसाठी काहींना आरोग्यावरची मालिका. लोकांची खासगी मतं फारशी हलली नाहीत! बदलली ती 'आपल्यात काय चालतं' ही समजूत, आणि वागणं. शेवटी प्रत्येक गटाला एक टेपरेकॉर्डर आणि कॅसेटी दिल्या. आरोग्यवाल्या गटांनी ते सरळ गावच्या अधिकाऱ्याकडे सोपवायचं ठरवलं. 'मुसेकेवेया'वाल्यांनी मात्र तसं सुचवणाऱ्यालाच हटकलं, वाद घातला आणि वस्तू कुणी सांभाळायच्या हे आपसात ठरवलं. मला हा निष्कर्ष कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा भरवशाचा वाटतो.

'ऐकवा आणि मग चर्चा घडवा' हे मात्र सरसकट करू नका. पूर्व काँगोत अशाच एका रेडिओ मालिकेनंतर श्रोत्यांना चर्चेला उद्युक्त करणारा कार्यक्रम जोडला, तेव्हा बोलणं वाढलं, पण असहिष्णुताही वाढली. नावडत्या गटाला मदत करायची तयारी घटली. संघर्ष अजून धुमसत असताना लोक बोलायला लागले की आधी गाऱ्हाणीच वर येतात.