शब्दचर्चा: क्यूएमूमधला 'एडीडीआर', पत्ता म्हणायचं की काय?

खारेगावकर: क्यूएमूच्या (कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्रॅम) मराठी नोट्स लिहितेय ऑफिसातल्या नव्या पोरांसाठी (ऑफिस महापेला, अर्धी जनता ठाण्याहून येणारी). ऍड्रेसला सगळीकडे 'पत्ता' लिहीत गेले आणि एका जागी अडले. ई१००० नेटवर्क कार्ड लावताना डिव्हाइसच्या ओळीत एडीडीआर (ऍड्रेसचंच आखूड रूप) ५ असं देतो, आणि लोडर डिव्हाइसने फाइल रॅममधे टाकताना पण एडीडीआरच, पण तिथे हेक्स (१६ च्या पायावरचा आकडा) ४०००००००. एका पोराने हा मोठा आकडा कार्डाला दिला, एरर आली, वर मलाच विचारतो ताई पत्ता तर बरोबर आहे ना?

तुर्भेवाला: पोराचं काय चुकलं, स्पेलिंग एकच आहे. लोडरचा एडीडीआर खरा पत्ता, कार्डाचा एडीडीआर म्हणजे पीसीआय बसवरचा (कार्डं जोडायची कॉम्प्युटरमधली वाट) स्लॉट. एका बसवर ३२ स्लॉट, एकेकात ८ फंक्शन, म्हणून ०५.० असंही लिहितात. मी तर सरळ 'गाळा' म्हणेन. आमच्याकडे एपीएमसीत गाळा नंबर सांगितला की व्यापारी सापडतो, पण त्याचा माल कुठल्या गोदामात आणि किती ते त्या नंबरवरून थोडंच कळतं, तसंच हे. आणि हो, आकडा हेक्समधे वाचला जातो, १० लिहिलंत तर कार्ड १६ नंबरच्या गाळ्यात जाईल.

खारेगावकर: गाळा भारी आहे, घेतला! पण मग कार्डाचा मेमरीतला पत्ता कोण देतं? मी लिहिलंय 'आपण डिव्हाइसला पत्ता देतो'.

ऐरोलीचा: ते 'आपण देतो' काढा, पीसीआयच्या बाबतीत आपण फक्त गाळा देतो, पत्ता नाही. कार्डात बेस ऍड्रेस रजिस्टर (पत्ता लिहून ठेवायचे छोटे कप्पे) असतात, जास्तीत जास्त ६, बूट होताना गेस्टमधलं, म्हणजे त्या आभासी कॉम्प्युटरमधलं, फर्मवेअर (सुरुवातीला चालणारा प्रोग्रॅम, सीबायॉस किंवा यूईएफआय) त्यात सगळे बिट १ करून लिहितं आणि परत वाचतं, जे बिट ० च राहिले त्यावरून कार्डाला किती जागा हवी ते कळतं, ती जागा कायम २ च्या घातातच असते, मग फर्मवेअर रिकामी जागा बघून तिथला पत्ता त्यात लिहितं, आणि पुढे लिनक्सला पटलं नाही तर तो बदलतोही. म्हणून 'कार्ड गाळा ५ मधे लावलं, पत्ता बूट होताना मिळाला' असं लिहा. मिळालेला पत्ता बघायला क्यूएमूच्या मॉनिटरमधे (कमांड द्यायची जागा) इन्फो एमट्री ही कमांड.

तुर्भेवाला: आर्म प्रोसेसरच्या व्हर्ट नावाच्या आभासी बोर्डवर मात्र असं नाही हां, तिथे पीएल०११ यूआर्ट (सिरियल पोर्टची चिप) हेक्स ९०००००० ला, रॅम ४००००००० पासून म्हणजे १ जीबीच्या पुढे, हे बोर्डाच्या कोडमधेच लिहिलेलं. पण क्यूएमूवाले स्वतःच सांगतात की फ्लॅश ० ला आणि रॅम ४००००००० ला एवढंच पक्कं धरा, बाकी सगळं डिव्हाइस ट्रीमधून (कुठलं डिव्हाइस कुठे आहे ते गेस्टला सांगणारी यादी) वाचा, आवृत्तीगणिक बदलू शकतं. तेव्हा यूआर्टला 'ठरलेला पत्ता' नका म्हणू, 'सध्याचा पत्ता' म्हणा.

नौपाडा: मधे बोलतोय, पण 'मेमरीतला पत्ता' हेच मुळात खटकतं. यूआर्टच्या पत्त्यावर मेमरी असते कुठे? डेटा रजिस्टर एकदा वाचलं की आलेला बाइट रांगेतून निघून जातो, परत वाचलं तर दुसरंच काहीतरी, रॅम असं वागेल का? आत क्यूएमू त्या वाचण्या-लिहिण्यावर आपलं एक फंक्शन चालवतं, बास. आणि कुणी 'स्मृतिपत्ता' सुचवायच्या आधीच नको म्हणतो, वाचून श्रद्धांजली आठवते. नुसतं पत्ता म्हणा, आणि इथून इथपर्यंतच्या सलग पट्ट्याला 'हद्द'. दोन हद्दी एकमेकींवर आल्या की कुणाची चालणार ते क्यूएमूत प्रायॉरिटीवर ठरतं, वाक्य आपोआप मराठी होतं बघा.

खारेगावकर: हद्द पण घेतली. एक्स८६ च्या (इंटेल-एएमडीवाल्या पीसीच्या) सिरियल पोर्टचा आयओबेस ३एफ८ असतो, त्याला?

ऐरोलीचा: तो पोर्ट नंबर. तिथे इन-आउट या वेगळ्या इन्स्ट्रक्शन लागतात, मेमरीच्या नकाशात तो येतच नाही.

खारेगावकर: आणि टीएमपी१०५ या तापमानाच्या सेन्सरला ऍड्रेस हेक्स ४८ देतात तो?

नौपाडा: आयटूसीचा (चिपा जोडायची दोन तारांची बस) आहे तो, ७ बिटी. पत्ताच राहू द्या, पुढे बसचं नाव लावा, 'आयटूसी पत्ता'. त्यालाही गाळा म्हणाल तर पोरं पुन्हा गोंधळतील.