झिंकच्या गोळ्या चौदा दिवस पूर्ण कशा होतील?

प्रश्न: सोलापूरच्या पूर्व भागातील विडी कामगारांच्या वस्तीत मी आशा म्हणून काम करते. बाळाला जुलाब झाले की ओआरएस आणि १४ दिवसांच्या झिंकच्या गोळ्या मी घरी नेऊन देते. परंतु जुलाब थांबले की उरलेल्या गोळ्या फळीवर तशाच पडून राहतात. काय करावे?

उत्तर १: ताई, गोळी जुलाबावरची आहे असे सांगितले, तर जुलाब थांबताच ती बंद होणारच. पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यता ती कमी करते, हे आईला समजू द्या, आणि शक्य तिथे तेलुगूत सांगा, कारण तेथील अनेक घरांची बोली तीच आहे. सहा महिन्यांवरील बाळाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम. पहिली गोळी चमच्यात आईच्या दुधात विरघळवून आपल्यासमोरच पाजायला लावा.

उत्तर २: अडचण दवाखान्यातही आहे, कारण पालक सलाइनचा आग्रह धरतात आणि आम्ही डॉक्टर पुष्कळदा नमते घेतो. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराच्या साथीत सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण, म्हणजे ओआरएसच, नातेवाइकांच्याच हाती दिले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. मात्र बाळ सुस्त झाले किंवा काहीच पीत नसेल, तर तातडीने रुग्णालयात पाठवा.

प्रश्नकर्ती: उद्यापासून पहिली गोळी माझ्यासमोरच देईन आणि सातव्या दिवशी पुन्हा जाऊन उरलेल्या गोळ्या मोजेन.