डाव्या टेम्पोरल लोबची सर्जरी: स्मरणशक्तीचा हिशोब कसा करायचा?

रानजाई:
एपिलेप्सी (अपस्मार) असलेल्या बहिणीसाठी विचारते आहे. वय २९, शाळेत मराठी शिकवते. एमआरआयमध्ये डावीकडे मेसियल टेम्पोरल स्क्लेरोसिस, म्हणजे टेम्पोरल लोबचा (कानशिलामागचा मेंदूचा भाग) आतला भाग आकसून कडक झालेला. कार्बामाझेपिन आणि लेव्हेटिरासिटाम या दोन गोळ्या चालू, तरी महिन्याला तीन-चार फिट्स. डॉक्टर म्हणतात, तो भाग काढायच्या ऑपरेशनने फायदा होईल, पण डावी बाजू आहे, स्मरणशक्तीचं बघावं लागेल. घरात दोन तट पडलेत: तिसरी गोळी घालून बघू, नाहीतर ऑपरेशन उरकून टाकू. निर्णय तिचाच असणार आहे. तिने काय काय बघावं?

कातळशिल्प:
आधी तिसऱ्या गोळीचं. योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये घेऊनही फिट्स थांबत नसतील, तर एपिलेप्सी औषधांना दाद देत नाही असं धरतात. 'पुरेशा' हा शब्द नीट वाचा. लेव्हेटिरासिटाम २५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा घेऊन 'लागू पडलं नाही' म्हणणं म्हणजे ते वापरून पाहिलेलंच नाही. पुरळ उठली म्हणून आठवड्यात बंद केलेलं औषधही या मोजणीत येत नाही. डोस चुकवणं, जागरणं हेही तपासा. हे सगळं ठीक असेल, तर तिसऱ्या औषधाने फिट्स पूर्ण थांबण्याची आशा फारच थोडी.

कॅनडातल्या २००१ च्या चाचणीत टेम्पोरल लोबच्या ८० रुग्णांचे दोन गट केले होते. वर्षअखेर भान हरपणाऱ्या फिट्स बंद झालेले: सर्जरीच्या गटात ५८%, गोळ्यांच्या गटात ८%. 'थांबून बघू' हाही निर्णयच आहे. एपिलेप्सीत अचानक मृत्यूचा धोका प्रौढांत वर्षाला हजारी साधारण एक, आणि झोपेत अंगभर झटके येणाऱ्यांना तो जास्त.

शेवरी:
खरी मेख स्मृतीत आहे. बहुतेकांची भाषा आणि शब्दांची आठवण डाव्या बाजूला असते. न्यूरोसायकॉलॉजिस्ट (स्मृती, भाषा यांच्या चाचण्या घेणारे तज्ज्ञ) १५ शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवतात, मध्ये दुसरी यादी घालतात आणि अर्ध्या तासाने पहिली पुन्हा विचारतात. त्या शेवटच्या फेरीत किती शब्द आठवले, ते मागून घ्या.

गंमत अशी की हा आकडा आधीच कमी असेल तर गमावण्यासारखं थोडंच उरलेलं असतं. चांगला असेल तर काळजी जास्त, कारण आकसलेला हिप्पोकॅम्पस (टेम्पोरल लोबच्या आतला स्मृतीचा भाग) अजून काम करतोय. एपिलेप्सी मोठेपणी सुरू झालेल्यांनाही फटका जास्त बसू शकतो. चाचणी मराठीतूनच होऊ दे. इंग्रजी यादीवरचे कमी गुण स्मृतीचे की भाषेचे, कळणार नाही.

व्यवहारात नुकसान म्हणजे विसरभोळेपणाच असं नाही. ओळखीचं नाव ओठांवर येऊन अडतं, वर्गात बोलताना नेमका शब्द सापडत नाही. शिक्षिकेला हे बोचणारच. पण फिट्स चालू राहिल्या तरी स्मृती जागच्या जागी राहील याची हमी नाही, हे तिसऱ्या गोळीवाल्यांना सांगा.

घाटमाथा:
फिट कुठून सुरू होते ते शोधायला मेंदूच्या लहरी आणि हालचाली एकत्र टिपतात, त्या व्हिडिओ ईईजीबद्दल थोडं. गोळ्या कमी करून मुद्दाम फिट्स येऊ देतात, त्यामुळे अॅडमिशन काही दिवसांची. आदल्या रात्री केस धुवा, तेल नको. तेलावर डोक्याला चिकटवायचे इलेक्ट्रोड धरत नाहीत. फिट आली की बटण दाबा, पांघरूण बाजूला करा आणि कॅमेऱ्याच्या आड उभे राहू नका. हात दिसले पाहिजेत. एका हाताने बटणांशी चाळा आणि दुसरा ताठ वाकडा होणं, यावरून बाजू कळते. भान येत असताना तिला पेन दाखवून 'हे काय?' विचारा. फिटनंतर काही मिनिटं बोलता न येणं डावीकडे बोट दाखवतं. ईईजी, एमआरआय आणि हे दृश्य एकाच जागेकडे जात नसेल, तर सर्जरी घाईने ठरवू नये. मग पेट (PET) स्कॅन, म्हणजे मेंदूचा कुठला भाग साखर कमी वापरतो ते दाखवणारी तपासणी, कधी मेंदूत इलेक्ट्रोड घालून तपासणी.

रानजाई:
आणि ऑपरेशननंतर गोळ्या सुटतात का?

कातळशिल्प:
लगेच नाही. साधारण दोन वर्षं चालू ठेवतात, मग सावकाश कमी. काहींना कायम एखादी लागते. पहिल्या आठवड्यात आलेली फिट म्हणजे सर्जरी फसली असं नाही. तोट्याचं म्हणाल तर वरच्या उजव्या कोपऱ्यातली नजर थोडी जाऊ शकते; पुष्कळांना जाणवतही नाही. पहिले काही महिने उदासी येऊ शकते, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाची वेळ आधीच घेऊन ठेवा. दुसरं मत हवं असेल तर तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा या वैद्यकीय संस्थेत एपिलेप्सीच्या सर्जरीचं काम १९९५ पासून चालू आहे. जाताना एमआरआयची सीडी न्या, नुसता रिपोर्ट नको.