मदत हवी आहे: बार्शी लाइटच्या विलायती भावंडाचं मॉडेल, इंजिन सांध्यावर मान टाकतंय

बार्शीलाइट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय. पहिल्यांदाच धागा काढतोय, तोही पाणी गळ्याशी आल्यावर.

मी मूळचा बार्शीचा, सध्या मुक्काम डर्बी. आजोबा कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात फिटर होते. त्यामुळे आमच्या घरात ‘बार्शी लाइट’ या नॅरोगेज रेल्वेचा विषय एखाद्या लाडक्या, मंद चालणाऱ्या आत्याचा निघावा तसा निघायचा. चालत्या गाडीतून उतरून, बोरं वेचून पुन्हा तोच डबा पकडता येतो, हे आजी शपथेवर सांगायची.

दोन वर्षांपूर्वी मुलीला घेऊन स्टॅफर्डशायरमध्ये मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात सायकलवर गेलो होतो. तिथल्या जुन्या नॅरोगेजच्या जागी आता सायकलींची वाट आहे. मधल्या स्वेन्स्ली बोगद्यातून तर मोटारीही जातात. हल्म एंडला, म्हणजे शेवटच्या स्टेशनाच्या जागी, इंजिनाचा जुना फोटो बघितला आणि थबकलो. केवढा तो पुढचा दिवा! इथल्या इंजिनांवर हातात धरायच्या कंदिलाएवढे दिवे अडकवलेले असतात, आणि हा परातीएवढा. इंजिनाचं नाव ‘ई. आर. कॅलथ्रॉप’. म्हणजे ज्याने १८९७ मध्ये आमची बार्शी लाइट काढली, तोच हा एव्हरार्ड कॅलथ्रॉप! त्याच्याच सल्ल्याने १९०४ मध्ये लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे झाली. रूळ तेच अडीच फुटी, इंजिनं लीड्सच्या त्याच किटसन कारखान्याची. सोलापूरच्या उन्हात शिकलेलं सगळं त्याने इथल्या पावसात आणून वापरलं. दोनच इंजिनं होती, दोन्ही भंगारात गेली. दुधावर जगणारी रेल्वे. एक्टनची क्रीमरी १९३२ मध्ये बंद पडली आणि १९३४ मध्ये ही पण.

तर हे मॉडेल मी करतोय. सव्वाआठ मैलांचा मार्ग ४ मिलिमीटरला १ फूट या प्रमाणात पूर्ण मांडायचा तर पावणेदोनशे मीटर जागा लागेल. माझ्याकडे सहा फूट बाय वीस इंचांचा प्लायवूड आहे, तोही इस्त्रीच्या टेबलाशी भांडून मिळवलेला. म्हणून फक्त वॉटरहाउसेस स्टेशन. तिथे नॅरोगेज इथल्या नेहमीच्या रुंद रुळांना, म्हणजे स्टँडर्ड गेजला, भेटायचं. मालाची चढउतार टाळायला स्टँडर्ड गेजची अख्खी वाघीण (मालडबा) एका बुटक्या नॅरोगेज गाड्यावर चढवून पुढे नेत. मला नेमकं तेच दाखवायचंय. नॅरोगेजला ९ मिमीचे रूळ, स्टँडर्डला १६.५ मिमीचे. साधा १२ व्होल्ट डीसी कंट्रोलर, डिजिटल काही नाही. इंजिनाचं वरचं धूड थ्रीडी प्रिंट करून मागवलेलं, खाली एन गेजची, म्हणजे ९ मिमी रुळांवरच्या छोट्या मॉडेलांची, तयार चाकं-मोटर.

आता रड. इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला न्यायला बाजूने एक लूप टाकलाय, दोन्ही टोकांना एकेक सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा), दोन्ही इलेक्ट्रोफ्रॉग. डावा सांधा मेनलाइनला आणि उजवा लूपला लावला की कंट्रोलरचा लाल दिवा लागतो आणि सगळं ठप्प. दोन्ही एकाच बाजूला असले तर चालतं. पण तेव्हाही उजव्या सांध्यावर इंजिन नेमकं मधोमध थांबतं. बोटाने ढोसलं की निघतं. मागच्या आठवड्यापर्यंत असं नव्हतं. मध्ये फक्त खडी टाकली, बाकी कशाला हात लावलेला नाही.

शिवाय वळणावर पुढची दोन छोटी चाकं उतरतात, रोज त्याच जागी. आणि वाघीण लादलेला तो बुटका गाडा वळणावर कलंडतो. मुलगी ‘बाबा, परत अपघात!’ म्हणून टाळ्या वाजवते. १५ दिवसांनी इथल्या मंडळाच्या घरगुती मेळाव्यात हे मांडायचं कबूल करून बसलोय. वाचवा.

तिरकस_रूळ

विषय भारी आहे, पण आधी एक खडा टाकतो. अडीच फूट म्हणजे तुमच्या प्रमाणात १० मिमी. ९ मिमीचे रूळ सव्वादोन फुटांचे झाले. बार्शीकराने पाव फूट खाल्ला!

बार्शीलाइट

खाल्ला. ९ मिमीत तयार रूळ, सांधे, चाकं सगळं मिळतं. १० मिमीत प्रत्येक सांधा हाताने बनवावा लागला असता. एवढं आयुष्य शिल्लक नाही.

जुनाफिटर

तिरकसराव, ब्रिटिश मॉडेलवाल्यांना या हिशेबात धरू नका. त्यांचं अख्खं ओओ गेजच वाकडं आहे. ४ मिमीच्या प्रमाणात स्टँडर्ड गेज १८.८३ मिमी यायला हवं, आणि ते १६.५ वर धावतात. तिकडची खरी इंजिनं अंगाने बारीक. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात साडेतीन मिमीच्या प्रमाणात केलेल्या इंजिनात त्या वेळच्या मोटरी मावेनात. मग रूळ तेच ठेवले आणि इंजिन फुगवून ४ मिमीचं केलं. फ्लाइंग स्कॉट्समन असो की मॅलार्ड, कपाटातली सगळी ओओ इंजिनं त्यामुळे जरा अरुंद पायांवर उभी असतात. शंभर वर्षं होत आली, कुणाचं अडलं नाही. ज्यांचं अडलं त्यांनी १८.२ आणि १८.८३ ची वेगळी बिऱ्हाडं केली.

आता मुद्द्याचं. लाल दिव्याचं कारण तुम्हीच लिहून ठेवलंय: दोन्ही सांधे इलेक्ट्रोफ्रॉग. सांध्यात दोन रूळ जिथे व्हीसारखे एकत्र येतात तो फ्रॉग. इलेक्ट्रोफ्रॉगमध्ये तो धातूचा असतो, आणि सांध्याची जीभ, म्हणजे हलणारी टोकदार पट्टी, ज्या बाजूच्या रुळाला टेकेल त्या बाजूची वीज त्याला मिळते. तुमच्या लूपमध्ये दोन फ्रॉग समोरासमोर तोंड करून बसलेत आणि रुळांनी एकमेकांना जोडलेत. एक सांधा मेनला, दुसरा लूपला, की एक फ्रॉग धन, दुसरा ऋण. मधला रूळ म्हणजे सरळ शॉर्ट.

उपाय जुनाच. प्रत्येक फ्रॉगमधून निघणारे दोन्ही आतले रूळ तोडायचे. दोन सांधे, म्हणजे चार ठिकाणी प्लास्टिकचे जोड. त्यानंतर मधले तुकडे बिनविजेचे होतील, त्यांना खालून स्वतंत्र वायरी द्या. कंट्रोलरची मुख्य जोडणी सांध्याच्या जिभेकडून, फ्रॉगकडून कधीच नाही.

बार्शीलाइट

काका, पण रूळ आता खडीत चिकटवून बसलोय. जोड बदलायला सगळं उचकटावं लागेल का?

जुनाफिटर

नाही हो. मिनी ड्रिलला पातळ कटिंग चकती लावा आणि जागेवरच रूळ कापा. आधी दोन्ही बाजूंचे स्लीपर चिकटलेत ना बघा, नाहीतर टोकं सरकतील. फटीत प्लास्टिकची चकती सुपरग्लूने बसवा आणि कानशीने रुळाच्या आकाराला आणा. नुसती फट सोडलीत तर पहिल्या उन्हाळ्यात रूळ वाढून ती मिटेल आणि तुम्ही पुन्हा इथे धागा काढाल. कापताना चष्मा लावा. चकती फुटते, सांगून फुटत नाही.

सोल्डरताई

‘मध्ये फक्त खडी टाकली’ या वाक्यावर मी हसले. चोर तिथेच आहे. कशाने चिकटवली? पांढरा फेव्हिकॉलसारखा गोंद, निम्मं पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा थेंब?

बार्शीलाइट

हो. व्हिडिओत तसंच होतं.

सोल्डरताई

बरोबरच आहे ते. साबणामुळे पाण्याचा ताण मोडतो आणि गोंद खडीच्या कणाकणात शिरतो. पण तसाच तो जिभेखाली आणि जिभेच्या नि रुळाच्या मधेही शिरतो. जीभ टेकलेली दिसते, मध्ये गोंदाचा पापुद्रा, फ्रॉगला वीज नाही. तुमच्या इंजिनाचा पाया इवलासा, वीज उचलणारी चाकं जवळजवळ. सगळी मेल्या फ्रॉगवर आली की खेळ खलास. लांब पॅसिफिक इंजिन तिथून ढेंगेत पार झालं असतं.

खात्री करून घ्या. मल्टीमीटरची एक सुई फ्रॉगवर, दुसरी समोरच्या बाहेरच्या रुळावर, कंट्रोलर निम्मा उघडा. आकडा आला तर माझं चुकलं. शून्य आला, किंवा जीभ नखाने दाबल्यावरच आला, तर गोंद. कान साफ करायची काडी कोमट पाण्यात बुडवून जिभेच्या कडेला पाच मिनिटं धरा. हा गोंद सुकला तरी पाण्याने भुसभुशीत होतो. मग जीभ नि रूळ यांच्यामध्ये जाड कागदाची पट्टी घालून ओढा. सँडपेपर अजिबात नको, त्याचे ओरखडे पुढे काजळी धरतात.

कायमचा इलाज हवा असेल तर जिभेच्या टेकण्यावर विसंबूच नका. फळीखाली छोटा स्लाइड स्विच बसवा, सांधा त्याच्याच दांड्याने हलवा आणि स्विचमधून फ्रॉगला वीज द्या. मी सगळ्या सांध्यांना तेच केलंय.

एक_प्रवासी

चाकं रोज त्याच जागी उतरतात म्हणजे दोष रुळात आहे, इंजिनात नाही. त्या जागी दोन रुळांचा जोड आहे का?

बार्शीलाइट

आहे! बरोबर वळणाच्या सुरुवातीला.

एक_प्रवासी

मग डोळा रुळाच्या पातळीला आणून बघा, कोपर दिसेल. लवचिक रूळ वाकवला की टोक सरळच राहू पाहतं, त्यामुळे जोडापाशी गोल वळणाऐवजी कोन होतो. मोठी चाकं निभावून नेतात, पुढची हलकी जोडी चढते. पुढच्या वेळी दोन तुकडे सरळ असतानाच बाहेरून सोल्डरचा डाग देऊन एक करा, मग वाकवा. आता खडीत बसलेल्याला तेवढ्याच चार इंचांत गोंद भिजवा, रूळ मोकळा करा, डाग द्या, पुन्हा बसवा. शिवाय इंजिन उलटं धरून पुढची जोडी बोटाने हलवा. प्रिंट केलेल्या धडाच्या आतल्या कडेला ती घासत असेल तर कड तासा, आणि जोडीच्या वर शिशाचा तांदळाएवढा तुकडा चिकटवा.

तिरकस_रूळ

कलंडणाऱ्या गाड्याबद्दल मी बोलतो, खडा टाकण्याचं प्रायश्चित्त म्हणून. ९ मिमीच्या पायावर ओओची वाघीण म्हणजे सायकलच्या कॅरियरवर कपाट. वरच्या वाघिणीतलं लोखंडी वजन काढून टाका. बऱ्याच तयार वाघिणींत तळाशी पत्रा असतो. ती जितकी हलकी तितकं बरं. काढलेल्याच्या दुप्पट शिसं खालच्या गाड्याच्या पोटात, रुळाला जेमतेम न घासेल इतकं खाली. वळणाची त्रिज्या किती?

बार्शीलाइट

नऊ इंच.

तिरकस_रूळ

मग वाघीण वळणावर नेऊच नका. तुमचं स्टेशन दाखवायचंय ना? चढवा, दहा इंच पुढे काढा, पुलाआड थांबवा. लोक बाकीचं मनाने बघतात. आणि हळू! ताशी १५ मैल धरले तरी या प्रमाणात सेकंदाला ९ सेंटिमीटरच होतात. बहुतेक जण घरच्या रेल्वेत राजधानी चालवतात.

कोथरूडची_पेठकरीण

अवांतर: पुण्याला याल तेव्हा कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम मुलीला नक्की दाखवा. भाऊ जोशींनी आयुष्यभर जमवलेलं आहे ते. मी माझ्या मुलांना न्यायचे, आता नातवाला नेते.

फोटो टाका हो कुणीतरी. इतका वेळ नुसतं वाचून डोळ्यांपुढे परातीएवढा दिवा नाचतोय.

बार्शीलाइट

मंडळी, अहवाल.

सोल्डरताई, मल्टीमीटरवर शून्य. नखाने दाबलं तर साडेपाच. काडी आणि कोमट पाणी, तीन खेपा. दुसऱ्या खेपेला जिभेखालून गोंदात रुतलेला खडीचा एक कण निघाला, मोहरीच्या निम्मा. तो काढला आणि इंजिन न थांबता गेलं. स्लाइड स्विच मागवलेत.

काका, चारही रूळ कापले. पहिली चकती फुटलीच, चष्म्यावर बसली. तुमचं वाक्य आठवलं. मधल्या तुकड्यांना वायरी दिल्या, आता सांधे कसेही लावा, लाल दिवा नाही.

जोडाचा कोपर अर्धाच गेलाय. आता दहा फेऱ्यांत एकदा उतरतं. उद्या पुन्हा भिजवून बघतो. वाघीण पुलाआड थांबते. पूल अजून नाही, सध्या चहाचं खोकं उभं केलंय.

डबे रंगवायचं काम मुलीने घेतलंय. सुरुवातीच्या काळात ते पिवळट होते असं मी सांगितलं, तिने हळदीचा पिवळा काढला. बदलायला सांगू की राहू दे?

जुनाफिटर

राहू दे. छपराला मात्र करडा द्या, आणि रंग सुकेपर्यंत दारं उघडायला जाऊ नका.