सोसायटीत चार्जिंगची सोय नसताना इलेक्ट्रिक कार घ्यावी का?

कोथरूडकर: पुण्यातील जुन्या सोसायटीत राहतो. इलेक्ट्रिक कार घेण्याचा विचार आहे, मात्र पार्किंगमध्ये चार्जर बसवू देण्यास समिती तयार नाही. केवळ सार्वजनिक चार्जिंगवर विसंबून गाडी घेणे योग्य ठरेल का?

वीजतंत्री: माझ्या मते घेऊ नये. सवलती आज पुरेशा आहेत: जीएसटी २०१९ पासून ५ टक्के आहे आणि राज्याच्या २०२५ च्या धोरणात अटल सेतू व समृद्धी महामार्गावर टोलमाफी आहे. खरी अडचण गाडी रात्री जिथे उभी राहते तिथे आहे. ३० किलोवॅट-तासांची बॅटरी ३.३ किलोवॅटच्या साध्या चार्जरवर सुमारे दहा तासांत, म्हणजे रात्रभरात भरते. पण त्यासाठी स्वतंत्र वायरिंग, योग्य अर्थिंग आणि पुरेसा मंजूर वीजभार लागतो, आणि जुन्या इमारतींत नेमके हेच अपुरे असते. समितीला आगीची भीती असेल, तर परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा तपासणी अहवाल तिच्यापुढे ठेवावा.

सह्यवासी: नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या. दीर्घकाळ टिकलेली करमाफी हे त्याचे मोठे कारण आहेच. परंतु तिथे बहुसंख्य मालक घरीच चार्जिंग करतात, हे आपल्या चर्चेत येतच नाही, याचे वाईट वाटते.

कोथरूडकर: चार्जिंगसाठी वेगळा मीटर मिळतो का?

वीजतंत्री: होय. वीजग्राहक हक्क नियमांतील २०२४ च्या दुरुस्तीनुसार अशी स्वतंत्र जोडणी मागता येते. समितीकडे अर्ज लेखीच द्यावा.