मदत हवी आहे: दोन हायग्रोमीटर, दोन आकडे. खरा कोणता?

घोडबंदरी (सोमवार, रात्री ११:४०)
डिजिटल हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता टक्क्यांत मोजणारा मीटर) घरच्या घरी कॅलिब्रेट कसा करायचा, म्हणजे त्याचा आकडा बरोबर आहे का ते कसं तपासायचं? माझ्याकडे दोन आहेत, एक काळा, एक पांढरा. शेजारी शेजारी ठेवले की काळा ७२ दाखवतो, पांढरा ८३. मिठाची टेस्ट (ओल्या मिठासोबत मीटर बंद डब्यात ठेवायचा) झाली करून. त्यात काळा ६३, पांढरा ७४. काही अर्थबोध होत नाही. "गूगल करा" म्हणू नका, तेही झालंय. शनिवारच्या आत हवंय.

लेन्सवेडा
ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते, म्हणून मिठाच्या टेस्टला ७५ यायला हवं. पांढरा ७४ म्हणतोय, म्हणजे पांढरा चोख. काळा फेकून द्या. विषय संपला.

कळव्याची_ताई
एवढ्यात कुठे संपला? मीठ किती, पाणी किती, डबा केवढा, किती तास ठेवलं, यातलं काहीच लिहिलेलं नाही.

घोडबंदरी
मीठ-पाणी वाटीत, वाटी आणि मीटर डब्यात, झाकण घट्ट. दोन तास. डबा फ्रिजवर ठेवला होता, ओट्यावर जागा नसते.

नौपाड्याचे_काका
मीठबीठ सोडा. आमच्या शाळेत ओल्या आणि कोरड्या फुग्याचा तापमापक असे. दोन साधे थर्मामीटर घ्या, एकाच्या फुग्याला, म्हणजे खालच्या टोकाला, ओलं मलमल गुंडाळा, पंख्याखाली धरा, दोन्ही तापमानांतला फरक आर्द्रतेच्या तक्त्यात बघा. बॅटरी नको, काही नको.

लेन्सवेडा
काका, ते दोन थर्मामीटर आधी एकमेकांशी जुळायला हवेत ना? अर्ध्या अंशाची चूक असली तरी आर्द्रता तीन-चार टक्क्यांनी हलते.

ऐरोली_एक्स्प्रेस
फोनवरच्या हवामानाच्या अ‍ॅपशी जुळवून घ्या की. मी तेच करतो.

कळव्याची_ताई
अ‍ॅप सांगतं बाहेरची हवा. यांच्या एका अंगाला येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मीटर बंद खोलीत. त्याचा इथे काय संबंध?
@घोडबंदरी, दोन तास फार कमी. रात्रभर ठेवा. फ्रिजवर नको, तिथे ऊब असते आणि ती कमी-जास्त होते. मीठ आणि मीटर यांच्या तापमानात एका अंशाचा फरक पडला तरी आकडा चार-पाचने सरकतो. मीठ पूर्ण विरघळवायचं नाही, भिजवलेल्या रव्यासारखं दिसलं पाहिजे, वर पाणी तरंगता कामा नये. वाटी कशाला, बाटलीचं झाकणभर पुरे. डबा लहान घ्या आणि मिठाचा कण सेन्सरला लागू देऊ नका. शिवाय, मीठ कोणतं वापरलंत?

घोडबंदरी
मीठ म्हणजे मीठ. मावशीने उरणहून आणलेलं जाडं.

कळव्याची_ताई
हे आधी सांगायचं ना! जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईड असतं, म्हणून तर पावसाळ्यात बरणीत पाणी सुटतं. त्याच्या संपृक्त द्रावणावर आर्द्रता ७५ नाही, ३३च्या आसपास असते. थोडंसं मिसळलेलं असलं तरी आकडा खाली ओढतं. पुडीतलं बारीक मीठ घ्या, आयोडीनचं चालेल.

ऐरोली_एक्स्प्रेस
मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाका, पाणी सुटत नाही. आणि भिंतीला बुरशी असेल तर आधी बाहेरून वॉटरप्रूफिंग करून घ्या, आमच्या सोसायटीत तीन वर्षं तेच रडगाणं चाललंय.

घोडबंदरी
भिंतीचं कोण विचारतंय?

(बुधवार, सकाळी ७:१५)
रात्रभर ठेवलं, बारीक मीठ, डबा पुस्तकांच्या कपाटात. काळा ७०, पांढरा ८१.

कळव्याची_ताई
म्हणजे काळा ५ कमी दाखवतो आणि पांढरा ६ जास्त. दोघांतलं अंतर तेच ११, तुमच्या खोलीतही तेवढंच होतं. दोघेही आपापल्या जागी ठाम आहेत. मीटरवर आकडा जुळवायचं बटण नसेल तर पाठीला चिकटपट्टी लावून "+५" आणि "−६" लिहा.

लेन्सवेडा
पांढऱ्याला चोख म्हणालो ते मागे घेतो. पण आधीची गडबड फ्रिजमुळे की मिठामुळे? दोन्ही एकदम बदललंत, आता कळायचं कसं? आणि मीटर नक्की कशासाठी हवाय?

घोडबंदरी
वडिलांच्या जुन्या कॅमेऱ्याची लेन्स. फंगस काढायला दिलीय, शनिवारी मिळणार. ड्राय बॉक्समध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या डब्यात) ४५वर ठेवायचीय.

लेन्सवेडा
हे पहिल्या ओळीत हवं होतं! ७५ला ५ची चूक म्हणजे ४५लाही ५चीच, असं नसतं. खालचा एक बिंदू तपासायलाच हवा. प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्याकडून मॅग्नेशियम क्लोराईड आणा, हीच टेस्ट करा, ३३च्या जवळ यायला हवं.

नौपाड्याचे_काका
किंवा ओला फुगा.

कळव्याची_ताई
लेन्सला एवढ्या बारकाईची गरज नाही. ६०च्या वर जाऊ नये आणि फार कोरडंही नको. काळा बॉक्समध्ये ठेवा, त्यावर ४० दिसलं की ठीक.

घोडबंदरी (शनिवार, दुपारी ३:०५)
लेन्स आली. काळा आत टाकलाय, ४१ दाखवतो. पांढरा बायकोने पापडाच्या डब्यात ठेवलाय, मी काही बोललो नाही.

ऐरोली_एक्स्प्रेस
उरणचं जाडं मीठ लोणच्याला मिळेल का? मावशींना विचारा ना.