जीआयच्या अँगलने कंपास फिरतो?

देवगडची_होडी:
मासेमारी बंदीच्या दिवसांत आमच्या फायबरच्या होडीवर जीपीएसच्या स्क्रीनसाठी जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) जाड अँगल बसवला, कंपासपासून चार बोटांवर. वेल्डर म्हणाला, "जस्त चढवलंय, त्याला चुंबक लागत नाही, बिनधास्त लाव." पहिल्याच फेरीत तांडेल (होडी हाकणारा) ओरडला, "ह्यो रस्तो खंयचो?" कंपास जीपीएसपेक्षा पंधरा अंश बाजूला! अँगल काढला की काटा जवळपास जागेवर. मग जस्ताचा उपयोग काय? शिवाय स्क्रीनची निगेटिव्ह वायर अँगललाच जोडलीय आणि स्क्रीन मधूनच बंद पडते. बाबा म्हणतात, कंपास फेकून दे. गेल्या वर्षी विजयदुर्गापुढे जीपीएस गेला तेव्हा ह्याच कंपासवर घरी आलो, हे ते विसरले.

जुना_फिटर:
वेल्डरचं अर्धंच खरं. जस्ताला चुंबक चिकटत नाही, पण जस्त चुंबकाला अडवतही नाही. प्लास्टिकच्या ताटात खिळे ठेवून खालून चुंबक फिरव, नाचतात की नाही? सहा मिमीहून जाड अँगलवर गरम जस्ताचा थर साधारण ८५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भागही नाही. आत लोखंड जसंच्या तसं. (भट्टीत चुंबकत्व जातं असंही कोणी सांगेल. जस्ताची भट्टी ४५०° सेल्सियसच्या आसपास, लोखंडाचं चुंबकत्व जायला ७७०° लागतात, आणि थंड झालं की ते परत येतं.) पितळेची पट्टी लाव. स्क्रूवर निकेलची चकाकी नको, निकेल स्वतःच चुंबकीय. ३०४ जातीचं स्टेनलेस वाकवलेल्या जागी थोडं चुंबक पकडतं, ३१६ जातीचं बरं. काहीही घे, आधी कंपासजवळ धरून बघ.

तारवाला:
स्क्रीनचं मी सांगतो. जस्ताचा रोध तांब्याच्या साडेतीन पट, साध्या पोलादाचा आठ-दहा पट. म्हणजे जस्त चांगलंच, पण इतक्या पातळ थरातून जाणार किती? बॅटरीचा करंट (डीसी) अख्ख्या अँगलमधून जातो. घोळ लगखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) आहे. खाऱ्या वाऱ्याने जस्तावर पांढरी भुकटी धरते, ती वीज अडवते. घासलीस तर जस्तही जाईल, मग गंज. अँगल सोड, निगेटिव्हला कथिल चढवलेली तांब्याची वेगळी वायर सरळ बॅटरीपर्यंत ने आणि पॉझिटिव्हसोबत पिळून घे. सुट्या वायरमधला करंटही काटा हलवतो. अँगल काढलेला असताना स्क्रीन चालू-बंद करून बघ.

देवगडची_होडी:
बघितलं. अँगल नसतानाही चालू केली की काटा दोन-तीन अंश सरकतो. वायर पिळल्यावर थांबला. पितळी पट्टी घेतली. किंमत ऐकून बाबा परत म्हणाले, कंपास फेक.